सगळा घोटाळा ‘शकतो’चा

पत्र:

सर, मी कागलची. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं डिप्लोमा. गेल्या वर्षापासून इंग्लंडच्या गिऱ्हाइकाच्या मेलना उत्तरं द्यायचं काम माझ्याकडं आलंय. मागं पंपाच्या हाउसिंगच्या एका लॉटमध्ये त्यांना तडा गेलेला पीस सापडला. बाकीच्या मालाचं काय, असं त्यांनी विचारलं. बाकीच्यांत तडा नसावा, असं मला सांगायचं होतं. मी लिहिलो, ‘द रिमेनिंग पार्ट्स कॅनॉट हॅव क्रॅक्स.’ त्यांनी न तपासता माल मशीनवर चढवला आणि आणखी दोन तडकलेले पीस निघाले. साहेब सगळ्यांसमोर बोलले. त्याआधी एकदा ‘द शिपमेंट कॅन बी डिलेड’ असं कळवलं होतं, तर तिकडून एका ओळीत उत्तर आलं, ‘नो, इट कॅनॉट.’ मोबाइलवर मला एक तक्ता मिळालाय: मस्ट म्हणजे 95 टक्के, मे 50, माइट 30, कुड 20. पाठ केला, तरी मेल लिहिताना हात थांबतोच. पुढच्या महिन्यात त्यांचा माणूस इथं येतोय आणि त्याला फिरवायचं, जेवायला न्यायचं काम माझ्यावरच आहे. स्टेशन रोडला एक क्लास आहे, तो लावू का?
– क्वालिटीवाली, कागल

उत्तर:

बाळ, आधी एक सांगतो. पत्रात तू ‘मी लिहिलो’ असं लिहिलंयस. ते मी तसंच छापायला दिलंय. ती आपल्याकडची बोली आहे, चूक नव्हे. पुण्याचं कुणी हसलं तर हसू दे. चूक तुझ्या इंग्रजीत झाली, पण तिचं मूळ इंग्रजीत नाही. ते आपल्या ‘शकतो’मध्ये आहे.

मराठी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवताना ही चूक मी इतक्या वह्यांत पाहिली की लाल शाईचा निम्मा खर्च तिच्यावरच झाला असेल. आपण म्हणतो, ‘मी पोतं उचलू शकतो.’ ही झाली ताकद. आपण म्हणतो, ‘उद्या पाऊस पडू शकतो.’ इथं पावसाच्या दंडात बळ आहे, असं आपल्याला म्हणायचं नसतं. हा अंदाज आहे. पण शब्द तोच. संस्कृतातल्या ‘शक्’ धातूपासून शक्ती आली आणि शक्यताही आली, त्यामुळं दोघी एकाच घरात नांदतात आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. शाळेत मात्र ‘शकतो म्हणजे कॅन’ एवढंच डोक्यात बसलेलं असतं. मग उद्याच्या पावसालाही आपण कॅन लावतो, आणि ‘इट कॅन रेन टुमॉरो’ ऐकून इंग्रज माणूस कोड्यात पडतो.

गंमत अशी की इंग्रजीचा प्रवासही याच वाटेनं झालाय. ‘माइट’ या नामाचा अर्थ आजही बळ असाच आहे. ‘मे’ आणि ‘माइट’ ही क्रियापदं त्याच कुळातली, आणि जुन्या इंग्रजीत त्यांचा अर्थ ‘अंगात बळ असणे’ असाच होता. पुढं त्यांची शक्ती गेली आणि शक्यता उरली. ‘कॅन’ आलं ‘जाणणे’ या अर्थाच्या शब्दावरून, आणि त्याचं मूळ आपल्या ‘ज्ञान’मधल्या ‘ज्ञा’शी जाऊन मिळतं. म्हणजे कॅन मुळात ‘मला पोहायला येतं’मधलं ‘येतं’. ताकदीचं आणि हातोटीचं काम आज कॅनकडं आहे, एखाद्या ठरावीक गोष्टीचा अंदाज करायचं मे, माइट आणि कुडकडं.

मग कॅन शक्यतेसाठी कधीच चालत नाही का? चालतं, आणि इथंच बहुतेक पुस्तकं घाई करतात. तू कागलहून रोज शिरोलीला येतेस, पंचगंगेचा पूल ओलांडतेस, म्हणून उदाहरण नदीचंच घेतो. जुलैत आपण दोन वाक्यं बोलतो. एक: ‘पावसाळ्यात पंचगंगा रात्रीत चढू शकते.’ दुसरं: ‘उद्या सकाळपर्यंत पाणी 43 फुटांवर जाऊ शकतं.’ मराठीत दोन्हीकडं शकणं. पण पहिलं वाक्य नदीचा स्वभाव सांगतं, कुठल्याही एका रात्रीबद्दल ते बोलत नाही. त्याला कॅन बरोबर आहे: ‘द पंचगंगा कॅन राइज ओव्हरनाइट इन द मॉन्सून.’ दुसऱ्या वाक्यात राजाराम बंधाऱ्याची पट्टी डोळ्यांसमोर आहे, 39 फुटांची इशारा पातळी ओलांडलीय आणि 43 च्या धोका पातळीकडं सगळ्यांचं लक्ष लागलंय. हा एका रात्रीचा, एका पाण्याचा अंदाज. तिथं ‘द वॉटर मे रीच फॉर्टी-थ्री फीट बाय टुमॉरो मॉर्निंग’ असंच हवं. मेच्या जागी माइट किंवा कुड घातलंस तरी बिघडत नाही. कॅन घातलंस तर बिघडतं.

तुझ्या कामातलं सांगायचं तर, ‘लवकर नॉकआउट केलं, म्हणजे साचा फोडून माल लवकर बाहेर काढला, तर कास्टिंगला तडा जाऊ शकतो’ हा कास्टिंगचा स्वभाव झाला. तिथं कॅन. ‘या लॉटमधल्या काही पिसांना तडा गेलेला असू शकतो’ हा अंदाज. तिथं मे. लिहिताना हात थांबला की एवढंच विचार: मी स्वभाव सांगतेय की अंदाज करतेय?

तुझ्या शिपमेंटच्या वाक्याचं काय झालं ते आता तुला दिसेल. ‘शिपमेंटला उशीर होऊ शकतो’ असं तुला कळवायचं होतं. ‘कॅन बी डिलेड’ वाचून त्यांना वाटलं, तू म्हणतेयस की शिपमेंट पुढं ढकलता येईल, चालेल ना? त्यांनी सांगितलं, नाही चालणार. माणसं उद्धट नव्हती. त्यांनी तुझ्या वाक्याला सरळ उत्तर दिलं. ‘मे बी डिलेड’ लिहिलं असतंस तर ‘किती दिवस?’ असा प्रश्न आला असता. साहेबांना हे दाखव. दाखवताना जरा वेळ बघून दाखव.

आता मोठ्या चुकीकडं येऊ, कारण तिथं दोन पीस गेले आणि तुझी झोपही गेली असणार.

कॅनॉटच्या बाबतीत मराठी तुझ्या बाजूनं उभी होती, पण तू तिच्याकडं पाहिलं नाहीस. ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हण. ‘तडा नसू शकतो.’ ‘तडा असू शकत नाही.’ नकार एकदा असण्याला चिकटलाय, एकदा शकण्याला. पहिल्यात दार उघडं आहे, नसेलही आणि असेलही. दुसऱ्यात दार बंद, तडा असणं शक्यच नाही. इंग्रजीतही नेमकी अशीच दोन घरं आहेत. ‘मे नॉट’ आणि ‘माइट नॉट’ म्हणजे नसू शकतो. ‘कॅनॉट’ आणि ‘कुड नॉट’ म्हणजे असू शकत नाही. तू गिऱ्हाइकाला दुसरं लिहिलंस आणि त्यानं ते हमी म्हणून घेतलं. मीही घेतलं असतं.

यात कुड फार लबाड आहे. होकारात तो माइटच्या खांद्यावर हात टाकून हिंडतो. ‘देअर माइट बी अ क्रॅक’ आणि ‘देअर कुड बी अ क्रॅक’ यांत तुला-मला फरक करायची गरज नाही. नकार आला की मात्र गडी पार पलीकडच्या वाड्यात जाऊन बसतो. ‘माइट नॉट बी’ म्हणजे नसेल कदाचित. ‘कुड नॉट बी’ म्हणजे छे, शक्यच नाही. होकारात दोघं सारखे असल्यामुळं माणूस नकारातही त्यांना सारखं धरतो आणि फसतो. क्वालिटीच्या मेलमध्ये नकार लिहायचा असेल तर कुडला हात लावू नकोस, असं मी तर सरळ सांगेन.

पण खरं बोलायचं तर त्या दिवशी तुझ्या मनात ‘नसू शकतो’ही नव्हतं. तुझ्या मनात होतं ‘नसावा’. आपल्या व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात आणि हे फार नाजूक रूप आहे. ‘नसावा’ म्हणताना आपल्याकडं काहीतरी आधार असतो, पण छातीवर हात ठेवून सांगण्याइतका नसतो. इंग्रजीत त्याच्या सगळ्यांत जवळ ‘शुड नॉट हॅव’ येतं. तरीही तुझ्या जागी मी शुड लिहिलं नसतं, कारण गिऱ्हाइकाला तुझा अंदाज नको होता. त्याला तुझा आधार हवा होता. असं काहीतरी चाललं असतं: ‘वुई हॅव टेस्टेड ट्वेंटी पार्ट्स फ्रॉम द सेम लॉट हिअर अँड फाउंड नो क्रॅक्स. द पार्ट्स विथ यू मे स्टिल हॅव सम. प्लीज चेक देम बिफोर मशीनिंग.’ वीस पिसांची डीपी टेस्ट (रंग लावून तडे शोधायची तपासणी) केली, तडा सापडला नाही, तुमच्याकडच्यांत असू शकतो, तपासून घ्या. यात एकच मे आहे, आणि त्याच्या आधी तुम्ही काय तपासलं ते आहे. नुसतं मे-मे करत राहिलीस तर मेंढरासारखं वाटेल आणि कंपनी अंग चोरतेय असा वास येईल.

टक्क्यांचा तो तक्ता मोबाइलमधून काढून टाक. मे 50 आणि माइट 30 असं कुणी मोजलेलं नाही. माइट जरा दबक्या आवाजातला असतो, एवढं खरं, पण आजच्या बोलण्यात तोही फरक बराच पुसट झालाय. एकच माणूस एका वाक्यात मे म्हणतो, दुसऱ्यात माइट, आणि त्याच्या डोक्यात टक्के नसतात. एका जागी मात्र माइट सांभाळ. कुणाचं बोलणं मागाहून सांगताना, ‘तो म्हणाला, उशीर होईल कदाचित’ अशा ठिकाणी, ‘ही सेड इट माइट बी लेट’ असं मेचं माइट होतं.

मस्ट त्या तक्त्यात सर्वांत वर होतं ना? त्याला आपलं ‘असणार’ आहे. रविवारची संध्याकाळ, पाऊस नाही, मग रंकाळ्यावर गर्दी असणार: ‘रंकाळा मस्ट बी क्राउडेड.’ पाऊस कोसळतोय, मग गर्दी असूच शकत नाही: ‘इट कान्ट बी क्राउडेड.’ मस्टचा उलटा इथं कान्ट होतो. ‘मस्ट नॉट’ लिहिलंस तर ऐकणाऱ्याला वाटेल, रंकाळ्यावर गर्दी करायची नाही असा फलक लागलाय.

झालेल्या गोष्टींवर जरा थांबू या. इथं मराठी इंग्रजीपेक्षा स्वच्छ आहे आणि त्याचा फायदा घ्यायला कुणी शिकवत नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवाचं बघ. नोव्हेंबरात 9 ते 11 तारखेला आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि तिसऱ्या दिवशी मूर्तीच्या मुखापर्यंत जातात, वाटेत ढग आले नाहीत तर. समज, तू त्या वेळी फौंड्रीत आहेस. घड्याळ बघून तू म्हणशील, ‘किरणं पोहोचली असतील.’ तुला ठाऊक नाही, अंदाज आहे. त्याच वेळी देवळात उभी असलेली तुझी आई हळहळेल, ‘पोहोचली असती गं, पण ढग आले.’ तिला ठाऊक आहे की नाही पोहोचली. ‘असतील’ आणि ‘असती’, बोलण्यात जेमतेम फरक, पण एकात प्रश्न उघडा आहे आणि दुसऱ्यात मिटलाय.

तुझं ‘असतील’ म्हणजे ‘द रेज मे हॅव रीच्ड द फेस.’ आईचं ‘असती’ म्हणजे ‘दे कुड हॅव रीच्ड द फेस’, किंवा खात्रीच असेल तर ‘वुड हॅव’. मेच्या पुढं हॅव आलं की ‘असेल’, एवढी खूणगाठ बांध. घोळ होतो माइटचा, कारण ‘माइट हॅव’ दोन्हीकडं चालतं. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं परदेशातून शेजाऱ्याला विचारलं होतं की बापट कॅम्पच्या आमच्या घरात पाणी शिरलं का. शेजाऱ्यानं इंग्रजीत उत्तर धाडलं, ‘वॉटर माइट हॅव कम इन.’ त्याला म्हणायचं होतं, शिरलं असतं, थोडक्यात वाचलं. पोरानं वाचलं, शिरलं असेल. दुसऱ्या दिवशी फोन लागेपर्यंत तो जागाच होता. दोघंही मराठी, दोघांनाही असेल आणि असता यांतला फरक आईच्या दुधाबरोबर मिळालेला, आणि तो सोडून ते माइट हॅवच्या भरवशावर राहिले. सरळ मराठीत लिहिलं असतं तर एका अक्षरात सगळं कळलं असतं.

म्हणून गिऱ्हाइकाला लिहिताना ‘असेल’ असेल तर मे हॅव लिही, ‘असता’ असेल तर कुड हॅव, आणि पुढं बट लावून काय झालं ते सांगून टाक. ‘द लॉट कुड हॅव लेफ्ट ऑन मंडे, बट द ट्रक ब्रोक डाउन.’ मग कुणी घोळ घालायचा म्हटला तरी जमणार नाही.

पत्रात नाही, पण तू करतच असशील असं वाटतं म्हणून आणखी एक. काल कारण सापडलं, तर ‘वुई कुड फाइंड द कॉज यस्टर्डे’ असं लिहू नकोस. एखादी गोष्ट एकदा जमली, तर तिला होकारात कुड लागत नाही. ‘वुई फाउंड द कॉज’ म्हण आणि मोकळी हो. नाही सापडलं तर ‘कुड नॉट फाइंड’ खुशाल लिही, तिथं ते शोभतं. शिवाय ‘मे बी पॉसिबल’ नको, मेमध्ये शक्यता आलीच. ‘कॅन एबल टू’ तर अजिबात नको. ‘मेबी’ एकत्र लिहिलं की कदाचित, ‘मे बी’ तोडून लिहिलं की असेल. आणि मेनं शक्यतेचा प्रश्न विचारत नाहीत. ‘मे द ट्रक बी लेट?’ असं कुणी म्हणत नाही, ‘इज द ट्रक लाइकली टू बी लेट?’ असं विचार. मे पुढं घालून फक्त परवानगी मागायची.

क्लासचं विचारलंस. क्लास वाईट नसेल, पण तिथं पुन्हा तक्ताच मिळेल, आणि तक्ता तुझ्याकडं आहे. त्याऐवजी महिनाभर रोज सकाळी पेपरातली एक बातमी घे. पावसाची, धरणाची, गुळाच्या दराची, कुस्तीच्या मैदानाची, कुठलीही. त्यातलं शकतो, असेल, असावा, असणार, असता यांपैकी जे दिसेल त्याखाली रेघ मार आणि स्वतःला विचार: ताकद, स्वभाव की अंदाज? अंदाज असेल तर दार उघडं की बंद? मग ते वाक्य इंग्रजीत लिही. राधानगरी धरण भरलं की दारं उघडण्याच्या बातम्या रोज असतात, त्यांत ही सगळी रूपं एका कॉलमात सापडतात. वीसेक बातम्यांनंतर हात थांबायचा बंद होईल. झाला नाही तर लाव क्लास, मी अडवणार नाही.

साहेबांचं म्हणशील तर, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. पण मालाची हमी देणारी मेल कंपनीतून कुणी दुसऱ्यानं न वाचता जाते, हाही काही तुझ्या एकटीचा दोष नाही. पुढच्या वेळी तड्याबिड्याची मेल असेल तर पाठवण्याआधी त्यांनाच वाचायला दे. बघ, त्यांनाही कॅनॉट आणि मे नॉटमधला फरक सांगावा लागेल. लागू शकतो म्हणत नाही, लागणार म्हणतोय.

आणि तो पाहुणा येईल तेव्हा त्याला मिसळ खायला नेशीलच. नेताना ‘इट मे बी स्पायसी’ म्हणू नकोस. तो सभ्य माणूस मेवर विसंबून पहिलाच घास मोठा घेईल. तिथं ‘इट इज’ म्हण, आणि पाण्याचा ग्लास आधी मागव.